पोळ्याची घोडी

मला एकट्याला तालुक्याबाहेर खरेदीला पाठवू नये, असा आमच्या घरात फार जुना ठराव आहे. बायकोने तो मांडला, तिनेच अनुमोदन दिलं आणि मी गैरहजर असताना तो मंजूर झाला. तरीही त्या दिवशी धुळ्याला मीच गेलो, कारण बागेतल्या ठिबकचा फिल्टर फुटला होता आणि घरात मोकळा माणूस मीच होतो. मी बहुतेक मोकळाच असतो. केळीची बाग असणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण आमची बाग खरं म्हणजे बायको सांभाळते. मी सावद्याला जाऊन भाव काय चाललाय ते ऐकून येतो आणि घरी गंभीर चेहऱ्याने सांगतो.

धुळ्यात माझा मावसभाऊ राहतो. फिल्टरचं दुकान उघडायला वेळ होता, म्हणून तो मला गावाबाहेर एका ठिकाणी घेऊन गेला. कामातून गेलेली, टाकून दिलेली, कुठून कुठून सोडवून आणलेली जनावरं तिथे ठेवतात. गाढवं होती, टांग्याचे दोन म्हातारे घोडे होते आणि कोपऱ्यात एक पांढरी घोडी होती. बाकीची चरत होती, ही नुसती उभी. आयाळ आणि शेपटी मेंदीने रंगवलेली, पण मुळाकडून पांढरे केस वर आलेले, लग्नसराई संपल्यावर आमच्या थोरल्या अक्काचे येतात तसे. पोटाला जिथे पट्टा आवळत असतील तिथली कातडी उघडी पडली होती. मी कुंपणाशी गेलो तशी ती दोन पावलं पुढे आली, थांबली आणि जागच्या जागी पाय उचलायला लागली. डावा, उजवा, डावा, उजवा.

"वरातीतली आहे," तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. ती जागा त्याच चालवतात. "आयुष्यभर एवढंच केलंय तिने. दोन पावलं चालायचं, थांबायचं, नाचायचं."

मला घोड्यांतलं कळतं, असं मी त्यांना सांगितलं. माझ्या आजोबांनी सारंगखेड्याच्या यात्रेत एक घोडा पाहिला होता. घेतला नव्हता, पाहिला होता. पण ती गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली आहे की आमच्याकडे घोडा होता असंच मला लहानपणापासून वाटत आलंय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "गोठा आहे का?"

गोठा होता. ट्रॅक्टर आला आणि बैल गेले, तेव्हापासून तो रिकामा होता. सकाळी उठलो की पाय आपोआप तिकडे वळायचे आणि तिथे जाऊन काय करायचं ते कळायचं नाही. हे मात्र मी बाईंना सांगितलं नाही.

बाईंनी अटी सांगितल्या. घोडी आधी नुसती सांभाळायला मिळेल, कायमची नाही. पाठीवर कोणी बसायचं नाही. सांधे आखडलेत, तेव्हा रोज मोकळं चाललीच पाहिजे, नाही तर पाय धरतील आणि मग उठायची नाही. पोळ्याच्या सुमाराला त्या स्वतः येऊन बघणार. नीट चालत असेल तर कायमची आमची, नसेल तर दुसरं घर.

"आणि वरातीत दिसली," बाई म्हणाल्या, "तर उभ्या उभ्या गाडीत घालून नेईन."

मी हसलो. माझ्यासारख्या माणसाला हे काय सांगता, असं ते हसणं होतं.

टेम्पोवाला धुळ्याकडचाच होता. घोडी चढवताना म्हणाला, "भाऊ, घोडी भलती गुनी शे. पन हाई चालस नही, नुसती उभी राहस."

"आमच्याकडे चालेल," मी म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा बायको फाटकात उभी होती. तिने टेम्पोकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

"फिल्टर कुठी आहे?" ती म्हणाली.

संध्याकाळी गोठ्यातून झाडूचा आवाज आला, आणि मी जाऊन पाहिलं तर खाली उसाचं कोरडं पाचट पसरलेलं होतं. बैलांनासुद्धा आमच्याकडे एवढं मऊ मिळालं नव्हतं.

पहिला घोळ खाण्याचा. जनावर आलं की त्याला सरकीची ढेप घालायची, एवढं मला पक्कं ठाऊक. घमेलंभर भिजवून ठेवली. घोडीने हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि भिडस्त पाहुण्यासारखी थोडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती पोटाकडे वळून वळून बघायला लागली. मी बाईंना फोन लावला.

"काय घातलं होतं काका?"

"ढेप."

"घोडीचं दूध काढायचंय का तुम्हाला?"

पोट सुधारलं. ढेप बंद झाली. मग मी केळी सुरू केली, कारण आमच्याकडे पाहुण्याला दुसरं काय देणार? गाडीत न चढलेले, डाग पडलेले घड बांधावर पडलेलेच असतात. केळी तिला आवडली. सालीसकट खायची आणि तोंडाला फेस आणायची. पंधरवड्यात तिचं पोट गोल झालं आणि मी कौतुकाने फोटो काढून बाईंना पाठवला. फोटोला उत्तर आलं नाही, फोन आला. केळी बंद. अशा रीतीने सावद्याच्या पट्ट्यात, चहूकडे केळीच केळी असताना, पथ्यावर असलेलं एकमेव जनावर आमच्या गोठ्यात उभं राहिलं.

उभंच राहिलं, हेच तर दुखणं होतं. मी दोर धरून पुढे ओढायचो. ती दोन पावलं यायची, थांबायची, पाय उचलायला लागायची. पुन्हा ओढायचो, पुन्हा दोन पावलं. बागेच्या कडेने गावाच्या वेशीपर्यंत जायला माझी सकाळ जायची. आणि वेशीवर मारुती. वरात मारुतीपाशी थांबते, नवरदेव उतरून पाया पडतो, नारळ फुटतो, आणि तोवर घोडी उभी असते. ही तिथे जी उभी राहायची ती हलायचीच नाही. मग मीच चप्पल काढून आत जायचो, हात जोडायचो, घंटा वाजवायचो. घंटा वाजली की ती निघायची, दोन पावलं. आयुष्यात मी मारुतीच्या एवढ्या वेळा पाया कधी पडलो नव्हतो. बायकोला तेवढं बरं वाटलं.

शेजारच्या मळ्यातले आबा रोज हा सोहळा बघायचे. आमच्या शिवारात बैलजोडी राखून असलेले ते एकटेच. बांधावर बसून तंबाखू मळत म्हणायचे, "भाऊ, मुहूर्त कधीचा आहे?"

"कशाचा, आबा?"

"तुह्या लग्नाचा. रोज मारुतीले जातो, घोडीबी संग आहे. नवरी पाहेल आहे का आमी पाहू?"

मग मी अक्कल चालवली. वरातीची घोडी वाजंत्रीवर चालते, हे कोणालाही सुचेल. मला सुचलं म्हणजे कोणालाही सुचेलच. मोबाईलवर लग्नाचा बँड लावला, तो ट्रॅक्टरच्या स्पीकरला जोडला, ट्रॅक्टर बांधावर उभा केला आणि आवाज मोठा केला. घोडी चालली नाही. मान खाली घालून नाचायला लागली. मी टाळ्या वाजवत तिच्यापुढे उलटा उलटा चालत होतो आणि ती होती तिथेच नाचत होती, जोरजोरात, अंगाला घाम सुटेपर्यंत. तिच्या डोळ्यांत मला काही दिसलं, असं लिहायला आवडलं असतं. पण डोळे तिने मिटून घेतले होते.

बायको पाणी सोडायला आली होती. तिने येऊन ट्रॅक्टरची चावी काढली. घोडी तरी थोडा वेळ नाचतच राहिली. बायकोने तिच्या मानेवर हात ठेवला, मग ती हळूहळू थांबली.

"आपल्याले कोनी असं नाचवलं तं?" बायको म्हणाली. मला म्हणाली की घोडीला, ते मी विचारलं नाही. त्यानंतर आमच्याकडे गाणं लागलं नाही. बाजूच्या रस्त्याने वरात गेली तर बायको गोठ्याचं दार ओढून घ्यायची आणि आत जाऊन उभी राहायची.

पुढे थंडी पडली. आमच्याकडे थंडी पडली की केळीचे घड झाकतात, माणसं नंतर झाकतात. बायकोने तिच्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी काढली आणि संध्याकाळी घोडीच्या पाठीवर टाकली. घोडी लगेच पाय उचलायला लागली. "थंडी वाजते तिले," बायको म्हणाली. मीही मान हलवली. मला घोड्यांतलं कळतंच.

सकाळी बायकोने गोधडी ओढून काढली. घोडीने कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, फुर्रकन नाकातून वारा सोडला आणि निघाली. मी दोर सोडूनच ठेवला होता, तिला बांधण्याची कधी गरजच पडली नव्हती. ती गोठ्यातून बाहेर पडली आणि केळीच्या दोन ओळींमधून चालत सुटली. दोन पावलं नाहीत. मोठाल्या, लांब ढांगा टाकत. ठिबकच्या नळ्या ओलांडताना तिचं एक पाऊल चुकलं नाही. मी मागे पळालो, एक चप्पल चिखलात गेली, आणि गाठलं तेव्हा ती पार रस्त्याकडच्या फाटकाशी जाऊन उभी होती. फाटक बंद होतं. ती त्याच्यावरून पलीकडे बघत होती.

बायको मागून आली, हातात गोधडी. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.

"वरात सरली की झूल काढत असतीन," बायको म्हणाली. "मंग घरी जात असीन ती."

एवढंच होतं. सजवलं की काम, उतरवलं की घर. आयुष्यात तिच्या वाट्याला मोकळं चालणं आलं ते तेवढंच, मांडवापासून तिला बांधायच्या ठाणापर्यंतचं.

मग आम्ही रोज तिची वरात संपवायला लागलो. गोधडी टाकायची, लगेच काढायची. काढली की ती निघायची आणि आम्ही मागून. रोज ती त्या फाटकापर्यंत जायची, पलीकडे बघायची, बराच वेळ थांबायची आणि मग परत फिरायची, सावकाश. तिकडे तिचं कोणतं ठाण होतं, तिथे तिला कोणी नीट ठेवलं होतं की नाही, देव जाणे. मला त्या फाटकाचा राग यायचा. आपण सांभाळलेल्या माणसाने रोज सकाळी बॅग भरून दारात उभं राहावं, तसं वाटायचं.

उन्हाळा लागला. मेंदी वाढून वाढून टोकाशी आली, बायकोने ती कात्रीने कापून टाकली. गोधडी तर थंडीबरोबरच ट्रंकेत गेली होती, आता पाठीवरून नुसता हात फिरवला तरी घोडी निघायची. आणि कधी ते मला सांगता येणार नाही, पण फाटकापाशी थांबणं कमी होत गेलं. नुसती जाऊन वळायची. मी आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तिकडे काही नाही, हे घोडीले समजलं. तुले अजून सावद्याचा भाव समजला नाही."

पोळ्याच्या आधी बाईंचा फोन आला. रावेरकडे त्यांचं काम होतं, पोळ्याच्या दिवशीच येणार होत्या. "गाडी घेऊनच येते, काका. नेण्याची वेळ आली तर दुसरी खेप नको."

त्या गाडीचं ऐकून मला जेवण गेलं नाही. बायको शांत होती. "चालते ना ती? मंग पाहू द्या चालतानी. काही करू नका फक्त." शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं.

आता पोळ्याच्या दिवशी शेतकऱ्याला काही करू नको म्हणणं म्हणजे काय? बैल गेल्यापासून मी पोळ्याला ट्रॅक्टरला कुंकू लावत आलो होतो. आबांची जोडी शिंगं रंगवून तोरणाखालून जायची आणि मी बोनेटला हार घालून उभा असायचो. यंदा गोठ्यात जिवंत जनावर होतं. पोळ्याला सजवतात ते मानासाठी, कामासाठी नाही. त्या दिवशी मानेवर जू नसतं, घास पुरणाचा असतो. जनावराला हे कळतं, असा माझा विचार. आणि बाईंनाही दिसावं की आम्ही तिला कसं ठेवलंय. वरात ती विसरली असेल, असं मी धरून चाललो. विसरण्याच्या बाबतीत मी जगाला माझ्यावरून मोजतो.

बायको पुरण वाटत होती. मी आबांकडून त्यांच्या जोडीतली जास्तीची झूल आणली, आरशांची. घुंगरमाळ आणली, गोंडे आणले. स्वतः फेटा बांधला, कारण पूजा करायची तर डोकं उघडं नको. घोडीच्या पाठीवर झूल टाकली तशी तिची मान खाली गेली. माळ घातली, गोंडे बांधले, तोंडाला कुंकू लावलं तसा डावा पाय उचलला गेला, मग उजवा. मला वाटलं, खूश झाली.

तेवढ्यात गावातले बैल डफ आणि सनईच्या मागून आमच्याच बाजूने आले. सजवलेली घोडी दिसली म्हणून वाजवणारे थांबले. घोडी नाचायला लागली. लोक गोळा झाले. कुणीतरी तिच्या तोंडावरून दहाची नोट ओवाळली. मी मागे सरा, मागे सरा, करत होतो आणि गर्दी आपली पुढे येत होती. तेव्हा फाटकातून बाईंची गाडी आत आली.

बाई उतरल्या. त्यांनी झूल पाहिली, गोंडे पाहिले, नोट पाहिली. घोडीचे मिटलेले डोळे पाहिले.

"नवरदेव कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

सगळे माझ्या फेट्याकडे बघायला लागले.

"बाई, हा पोळा आहे," मी म्हटलं.

"पोळा बैलांचा असतो ना, काका?" आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. त्याने गाडीचा मागचा फळा खाली सोडला.

मी तोंड उघडलं, पण त्यातून पुन्हा पोळा एवढाच शब्द आला. तेव्हा आबा पुढे झाले. "बाई, हा मानूस येडा आहे, लबाड नाही. लबाडीले अक्कल लागते."

माझ्या बाजूने कोणी इतकं चांगलं कधी बोललेलं नाही. बाईंवर त्याचा परिणाम दिसला नाही. ड्रायव्हर दोर घेऊन आला.

मग स्वयंपाकघराचं दार वाजलं. बायको बाहेर आली, दोन्ही हात पुरणाने भरलेले. तिने डफवाल्याकडे नुसतं पाहिलं, त्याचा हात थांबला. सनई आपोआप बंद पडली. घोडी नाचतच होती. बायकोने हात पदराला पुसले आणि एकेक वस्तू काढायला लागली. आधी गोंडे. ते माझ्या हातात दिले. मग घुंगरमाळ. ती माझ्या गळ्यात टाकली, कारण माझे हात भरले होते. मग झूल, ती माझ्या खांद्यावर. शेवटी तिने घोडीच्या तोंडावरचं कुंकू पदराने पुसलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "झालं. जाय आता."

घोडीने अंग झाडलं. कानापासून शेपटीपर्यंत. डोळे उघडले.

रस्त्याकडचं फाटक सताड उघडं होतं, बाईंच्या गाडीसाठी उघडलेलं. त्याच्या अलीकडे गाडी, फळा खाली टाकलेला. घोडी निघाली आणि लोक बाजूला झाले. ती फाटकाच्या दिशेनेच चार ढांगा गेली. मी श्वास धरला आणि माझ्या गळ्यातले घुंगरू वाजायचे थांबले. घोडीने उघड्या फाटकाकडे एकदा पाहिलं, गाडीच्या फळ्याला नाक लावून हुंगलं आणि वळली. घराला वळसा घालून, केळीच्या कडेने, लांब ढांगा टाकत सरळ गोठ्यात गेली. आतून गव्हाणीवर डोकं घासल्याचा आवाज आला. काही मिळायचं असलं की ती तसं करते.

बाई गोठ्यात गेल्या. त्यांनी खूर उचलून पाहिले, गुडघे दाबून पाहिले. मी दारात उभा होतो, पण त्यांनी बायकोलाच विचारलं, "रोज तुम्ही चालवता?"

"ती चालते," बायको म्हणाली. "आमी मांगून जातो."

बाईंनी घोडीच्या मानेवर एकदा थोपटलं. मग बाहेर येऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, "फळा वर घे."

कागदावर पालक म्हणून बायकोचं नाव लागलं. माझं नाव कुठे घालायचं ते बाईंना सुचलं नाही. पुरणपोळ्या त्यांनी दोन खाल्ल्या आणि घोडीला अर्धीसुद्धा देऊ नका म्हणून निघाल्या. देऊ नका म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

पंगत उठल्यावर बायको म्हणाली, "आबाइची झूल देऊन या."

मी झूल खांद्यावर घेतली, घुंगरमाळ गळ्यातच होती, फेटा सोडायचा राहिला होता. डफवाले अजून झाडाखाली बसले होते. मी त्यांच्या समोरून गेलो आणि त्यातला एकजण उठलाच. मग मागून डफ, पुढे मी, घुंगरू वाजवत, आणि बांधावर उभे राहून आबा हात जोडून म्हणतायत, "या जावईबापू."

पण झूल ठेवायची आबांच्या घरी, आणि ते घर वेशीपलीकडे आहे. वाटेत मारुती लागला आणि माझे पाय थांबले. मागचे म्हणाले, चला की. पण मला घंटा वाजवल्याशिवाय निघता येईना.